हयातीचा हिशेब

अन्ननलिकेच्या कर्करोगावर शस्त्र चालवण्याचा माणसाचा उद्योग उणापुरा दीडशे वर्षांचा आहे. त्याआधीचा सारा काळ या रोगाचे वर्णन करण्यात आणि त्याच्यापुढे हात टेकण्यात गेला. बाराव्या शतकात अंदलुसियातील सेव्हिल नगरीत वैद्यकी करणाऱ्या इब्न जुहर या हकिमाने घास उतरेनासा झालेल्या आणि दिवसेंदिवस झिजत चाललेल्या रोग्याचे जे चित्र आपल्या ग्रंथात रेखाटले, ते आजच्या वैद्यालाही तत्काळ ओळखू येईल इतके रेखीव आहे. आणि घशातून उतरवलेल्या चांदीच्या नळीने दूध पाजावे, तेही न साधल्यास गुदमार्गे पोषक द्रव्ये द्यावीत, हे जे उपाय त्याने सुचवले, त्यांवरून या व्याधीचे एक मर्म त्याला पुरते उमगले होते असे दिसते. हा रोगी रोगाने मरण्यापूर्वी उपासमारीने मरतो. पुढील सातशे वर्षे वैद्यांची सारी धडपड या उपासमारीशीच चालली होती. १८४९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे सेदियो या शस्त्रवैद्याने रोग्याच्या पोटाला छिद्र पाडून थेट जठरात अन्न घालण्याचा प्रयोग केला, तो रोगी वाचला नाही. आणि असे छिद्र घेऊन रोगी काही आठवडे जगल्याचा पहिला दाखला मिळायला १८७५ साल उजाडावे लागले. रोग काढून टाकावा, हा विचार अद्याप कोणाच्या हातात उतरलेला नव्हता.

तो का उतरला नव्हता, हे समजण्यासाठी निसर्गाने या नळीला जी जागा दिली आहे तिचा विचार करणे अवश्य आहे. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी गळ्यातून निघून छातीच्या अगदी गाभाऱ्यातून, मागे कणा, पुढे श्वासनलिका, बाजूस महाधमनी आणि खाली हृदयाची पाठ अशा अत्यंत नाजूक शेजारातून वाट काढीत, छाती-पोटामधला पडदा भेदून जठराला मिळते. जठराला व आतड्याला बाहेरून जे गुळगुळीत, चिवट आवरण लाभले आहे ते हिच्या वाट्याला आलेले नाही, त्यामुळे भिंत ओलांडलेला रोग थेट शेजाऱ्याच्या अंगणात पाऊल टाकतो. आणि हिच्या अस्तराखालच्या रसवाहिन्या आडव्या न धावता बहुतांशी उभ्या धावतात, त्यामुळे छातीच्या मध्यभागी रुजलेल्या गाठीचे बीज वर मानेतल्या आणि खाली जठराजवळच्या रसग्रंथींत एकाच वेळी सापडू शकते. त्यात ही नळी ताणली जाणारी. पोकळीचा बराचसा भाग बुजेपर्यंत रोग्याला काही जाणवत नाही. प्रथम भाकरीचा घास अडतो, मग मऊ भात, मग पेज, आणि तोवर रोगाने आपला अंमल कितीतरी दूरवर बसवलेला असतो. पुढील काळात हयातीवर परिणाम करणारी म्हणून जी जी कारणे पंडितांनी मोजून काढली, त्यांतली निम्मी या रचनेतच दडलेली आहेत.

शस्त्रक्रियेचा आरंभ मानेपासून झाला, कारण तेथे छाती उघडावी लागत नाही. व्हिएन्नाच्या बिलरोथने १८७१ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून मानेतल्या नळीचा तुकडा कापून काढता येतो हे दाखवले, आणि त्याचाच शिष्य चेर्नी याने १८७७ मध्ये हायडेलबर्ग येथे एका ५१ वर्षांच्या स्त्रीवर ती क्रिया केली. ती स्त्री सुमारे सव्वा वर्ष जगली. छातीतल्या नळीला मात्र कोणी हात लावू शकत नव्हता. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरे, फुप्फुसे मिटत, आणि रोगी शस्त्रवैद्याच्या हाताखालीच गुदमरे. ब्रेस्लाऊ येथे मिकुलिच याच्या हाताखाली काम करणाऱ्या झाउअरब्रुख नावाच्या तरुणाने १९०४ मध्ये या अडचणीवर विलक्षण तोड काढली : रोग्याचे शरीर आणि शस्त्रक्रिया करणारे वैद्य हवाबंद खोलीत, रोग्याचे डोके तेवढे खोलीबाहेर, आणि खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. ही अजस्र योजना फार काळ टिकली नाही. श्वासनलिकेत नळी घालून तिच्यावाटे फुप्फुसात हवा व गुंगीचे औषध सोडण्याची जी साधी रीत मेल्टझर व आउअर या दोघांनी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सिद्ध केली, तिनेच छातीचे दार खऱ्या अर्थाने उघडले.

त्या दारातून प्रथम आत गेला तो फ्रान्झ टोरेक. जन्माने तोही ब्रेस्लाऊचाच, पण न्यूयॉर्कला स्थायिक झालेला. तेथील जर्मन हॉस्पिटलात १४ मार्च १९१३ रोजी त्याने ६७ वर्षांच्या एका स्त्रीची छाती डाव्या बाजूने उघडली, महाधमनीच्या कमानीखाली गुंतलेली गाठ मज्जातंतूंना जपत सोडवली, आणि नळीचा रोगग्रस्त भाग काढून टाकला. प्रश्न उरला तो दोन टोके जोडण्याचा. आणि येथे टोरेकने जो संयम दाखवला त्यातच, माझ्या मते, त्याची थोरवी आहे. आपल्या आधीच्या प्रयत्नांत छातीतली जोड सुटल्याने रोगी दगावले हे तो जाणत होता, म्हणून त्याने जोड देण्याचा मोहच टाळला. नळीचे वरचे टोक मानेतून बाहेर काढून छातीवरच्या कातडीखालून त्याने खाली आणले, जठराला आधीच छिद्र पाडून ठेवलेले होते, आणि या दोन मुखांना जोडणारी एक रबरी नळी शरीराच्या बाहेरून लावली. जेवणाच्या वेळी ती बाई ही नळी जोडून घेई, तोंडाने घास चावून गिळी, आणि तो घास छातीवरून प्रवास करीत जठरात पोहोचे. पुढे नळीची कायमची सोय करून देण्याची गोष्ट निघाली तेव्हा तिने ती नाकारली. अशा अवस्थेत ती तेरा वर्षे जगली, आणि मेली तीही या रोगाने नव्हे.

या एका यशाचा पुढील वीस वर्षांवर जो परिणाम झाला तो मोठा बोधप्रद आहे. जगभरच्या शस्त्रवैद्यांनी टोरेकचा मार्ग धरला आणि बहुतेकांचे रोगी थोड्याच दिवसांत गेले. एक रोगी जगला, याचा अर्थ असे रोगी जगू शकतात एवढाच. किती जगतील, कोण जगतील आणि का, या प्रश्नांना एका दाखल्याने उत्तर मिळत नाही. त्या काळच्या वैद्यकाला मोजदादीची सवय नव्हती. यशाची कैफियत छापून येई, अपयश दप्तरात राही.

नळीची पुनर्जोडणी छातीतच करण्याचे साहस पुढे १९३३ मध्ये क्योतोच्या ओसावाने यशस्वी केले. जठर वर ओढून घेऊन ते नळीच्या उरलेल्या टोकाला जोडण्याची त्याची रीत युरोप-अमेरिकेच्या ध्यानात फार उशिरा आली. शिकागोत अॅडम्स व फेमिस्टर यांनी १९३८ मध्ये आणि पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात वू यिंगकाई यांनी १९४० मध्ये, युद्धाच्या छायेत, तशाच शस्त्रक्रिया पार पाडल्या. १९४६ च्या जानेवारीत लंडनमध्ये आयव्हर लुईस या वेल्श शस्त्रवैद्याने दिलेले व्याख्यान मात्र पुढील पिढ्यांचे पाठ्य ठरले. प्रथम पोट उघडून जठर मोकळे करावे, काही दिवसांनी उजव्या बाजूने छाती उघडावी, कारण डावीकडे महाधमनीची कमान वाट अडवून उभी असते, उजवीकडे मात्र एक शीर बांधून कापली की सारी नळी नजरेसमोर येते, असे त्याचे प्रतिपादन होते. आजही जगातल्या कितीतरी शस्त्रक्रियागृहांत याच मार्गाने जातात, फक्त दोन्ही टप्पे एकाच दिवशी उरकतात.

शस्त्र असे पुढे गेले. रोगी किती पुढे गेले, याचा हिशेब मांडण्याचे कष्ट मात्र १९८० मध्ये लंडनच्या अर्लम याने आणि त्याचा ब्राझिलियन सहकारी कुन्हा-मेलो याने घेतले. त्यांनी १२२ शोधनिबंध चाळले, त्यांतल्या ८३,७८३ रोग्यांची गणती केली, आणि सारा निष्कर्ष शंभर रोग्यांच्या भाषेत सांगितला. शंभर रोगी आले तर ५८ जणांवर शस्त्र धरता येते. त्यांतल्या ३९ जणांची गाठ काढता येते. या ३९ पैकी १३ जण रुग्णालयातच मरतात. २६ घरी जातात. वर्षाअखेर १८ उरतात, दुसऱ्या वर्षाअखेर नऊ, आणि पाचव्या वर्षी चार. वैद्यकाच्या इतिहासात याहून प्रामाणिक खातेवही माझ्या पाहण्यात नाही. शस्त्रवैद्यांच्या वर्गात तिने खळबळ उडवली, आणि उडवणे रास्तच होते. कारण या उतरत्या आकड्यांची प्रत्येक पायरी म्हणजे हयात ठरवणारे एकेक कारण आहे, आणि पुढील चाळीस वर्षांचे संशोधन या पायऱ्यांवरच वेचले गेले.

पहिल्या पायरीवर गळालेले ४२ जण शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच हरलेले असत. कोणाचे यकृत व फुप्फुस रोगाने व्यापलेले, कोणी वयाने आणि विडी-सिगारेटने पोखरलेल्या फुप्फुसांमुळे गुंगी सहन न करण्याजोगा, आणि पुष्कळसे नुसते उपाशी. घास उतरेनासा झाल्यापासून शरीराचे वजन किती टक्के घटले, हा प्रश्न आज प्रत्येक रोग्याला विचारला जातो, कारण कुपोषित शरीराची जखम भरत नाही, त्याला संसर्ग लवकर गाठतो आणि औषधांची मात्राही त्याला झेपत नाही. म्हणून हल्ली गाठीला हात लावण्यापूर्वी नाकातून किंवा आतड्यात घातलेल्या बारीक नळीने रोग्याला काही आठवडे पोसतात. इब्न जुहरची चांदीची नळी आता मऊ रबराची झाली आहे एवढाच फरक. ज्यांची गाठ काढणे शक्यच नसे त्यांच्यासाठी लंडनच्या सुटर याने १९२४ मध्ये तारेच्या वेटोळ्याची नळी करून अडलेल्या जागी बसवली होती; आयुष्य तिने फारसे वाढले नाही, पण मरणाऱ्याला घोटभर दूध गिळता आले, आणि वैद्याच्या कर्तव्याच्या यादीत हे कलम मला गौण वाटत नाही.

दुसऱ्या पायरीवरचे १९ जण म्हणजे छाती-पोट उघडून तसेच शिवून टाकलेले रोगी. आत पाहिल्याशिवाय गाठ महाधमनीला चिकटली आहे की श्वासनलिकेत शिरली आहे हे कळण्याचा मार्गच तेव्हा नव्हता. सीटी स्कॅनने आणि दुर्बिणीच्या टोकावर बसवलेल्या ध्वनिलहरींच्या यंत्राने हे अगोदर समजू लागले, तेव्हापासून ही निष्फळ चीरफाड बरीच आटोक्यात आली आहे.

तिसरी पायरी सर्वांत दुःखदायक, कारण तेथले तेरा मृत्यू रोगाने ओढवलेले नव्हते, उपचाराने ओढवलेले होते. जठर आणि नळी यांची जोड सुटून छातीत पू साचणे, आणि शस्त्रक्रियेनंतर खोकता न आल्याने होणारा न्यूमोनिया, ही त्यांची दोन ठळक कारणे. येथे एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आली. १९९८ मध्ये अमेरिकेतील वृद्ध रोग्यांची जी तपासणी प्रसिद्ध झाली तीत, ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत शंभरामागे १७ हून अधिक रोगी दगावत, आणि वारंवार करणाऱ्या रुग्णालयांत साडेतीनच्याही आत, असे आढळले. एकच रोग, एकच शस्त्रक्रिया, एकच देश. हयात ठरवली ती रोगी कोणत्या दारात गेला या गोष्टीने. यात केवळ शस्त्रवैद्याचा हात नसतो. रात्री दोन वाजता रोग्याची नाडी वेगाने चालते आहे हे पाहून जोड सुटल्याची शंका घेणारी परिचारिका, साचलेला पू काढायला योग्य वेळी नळी घालणारा क्ष-किरणतज्ज्ञ, फुप्फुसांचा व्यायाम करून घेणारा माणूस, हे सारे मिळून जो सराव घडतो तोच रोग्याला तारतो. नेदरलँड्सने या बाबतीत सरळ नियमच केला : २००६ पासून वर्षाला किमान दहा आणि २०११ पासून किमान वीस अशा शस्त्रक्रिया जेथे होत नाहीत त्या रुग्णालयाने त्या करूच नयेत. मोठ्या छेदाऐवजी छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याची रीत आली, तिचाही लाभ याच पायरीवर झाला. युरोपातील एका तुलनात्मक प्रयोगात, २०१२ च्या अहवालानुसार, पहिल्या दोन आठवड्यांतला फुप्फुसांचा संसर्ग २९ टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर आला.

उरली शेवटची पायरी : जे सुखरूप घरी गेले आणि तरीही पाच वर्षांत संपले ते बावीस. त्यांचे रहस्य रसग्रंथींत होते. काढलेल्या गाठीबरोबर किती ग्रंथींत रोग सापडला, भिंतीच्या कोणत्या थरापर्यंत तो गेला होता, कापलेल्या कडांवर त्याचे कण उरले की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांइतके भवितव्य सांगणारे दुसरे काही अद्याप मिळालेले नाही. रोग अस्तरापुरता असेल तर ग्रंथी बहुधा शुद्ध असतात. तो अस्तराखालच्या थरात उतरला, म्हणजे अवघे काही मिलिमीटर अंतर त्याने काटले, की ग्रंथींत शिरलेले रोगी पुष्कळ आढळू लागतात. जपानी शस्त्रवैद्यांनी यावर अधिक शस्त्र हे उत्तर दिले आणि पोट, छाती व मान या तिन्ही प्रदेशांतल्या ग्रंथी खरवडून काढण्याची कष्टप्रद पद्धत रूढ केली. पश्चिमेने दुसरी वाट धरली. किरणांबरोबर औषधे दिल्यास, शस्त्राशिवायही, काही रोगी पाच वर्षे जगतात हे अमेरिकेत १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाच्या पुढील पाठपुराव्याने दाखवले. नुसते किरण घेतलेल्या गटात पाच वर्षांअंती कोणीही उरले नव्हते, तर दोन्ही घेतलेल्यांत चौघांमागे एकाहून थोडे अधिक. मग हे दोन्ही उपचार शस्त्रक्रियेच्या आधी द्यावेत असा विचार पुढे आला, आणि डच वैद्यांनी ३६६ रोग्यांवर तो पारखून २०१२ मध्ये फलित जाहीर केले : नुसत्या शस्त्रक्रियेने मध्यम हयात २४ महिने, आधी किरण व औषधे दिल्यास सुमारे ४९. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरामागे २५ आणि दुसऱ्यात ३८ जण हयात होते. हे रोगी निवडक होते, रोग फार न फैलावलेले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही; पण १९८० च्या खातेवहीशेजारी हे आकडे ठेवले म्हणजे मधल्या तीस वर्षांत काय घडले ते दिसते.

आपल्या मुंबईचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथील प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तंबाखू आणि मुखाचा कर्करोग यांच्या नात्याचा मागोवा घेतला, तर डॉ. जस्सावाला यांनी अन्ननलिकेच्या रोग्यांच्या सवयींची तपासणी करून विडी ओढणे आणि तंबाखू-सुपारी चघळणे यांच्याकडे बोट दाखवले. १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्यावार नोंदवही सुरू झाली, ती देशातली पहिली. आसामातून, बिहारातून, विदर्भ-मराठवाड्यातून येणारे रोगी आजही परळच्या पदपथावर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम करून उपचार घेतात. त्यांच्या हयातीच्या कारणांत गाठीचा आकार जसा येतो, तसा गावच्या डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या देत घालवलेला काळ येतो, बुडालेली मजुरी येते, आणि पाच आठवड्यांचे किरण पुरे होण्याआधी पैसे संपल्याने धरलेली परतीची गाडीही येते. पाश्चात्त्य शोधनिबंधांच्या तक्त्यांत या कलमांना रकाना नसतो, हे मला त्यांचे मोठे वैगुण्य वाटते.

पहिला घास अडण्याआधीच रोग पकडण्याचा खरा उद्योग झाला तो चीनच्या हनान प्रांतातील लिनशियान जिल्ह्यात. डोंगराळ, पाण्याला महाग असा हा मुलूख. पाणी पोहोचत नाही, रस्ता पोहोचत नाही आणि घास पोहोचत नाही, असे आपल्या तीन दुःखांचे वर्णन तेथले लोकच करीत. पाण्यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात डोंगराच्या कड्यांतून लाल झेंड्याचा कालवा खोदला. घशासाठी त्याच सुमारास शेन छ्यूंग या वैद्याने एक फुगा तयार केला. तो मिटलेल्या अवस्थेत गिळवायचा, आत फुगवायचा आणि हळूच वर ओढायचा, म्हणजे त्याच्या जाळीला चिकटून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत. निरोगी दिसणाऱ्या, पोटभर जेवणाऱ्या हजारो शेतकऱ्यांची अशी तपासणी झाली, आणि तीत सापडलेल्या आरंभीच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया केली असता दहांपैकी सुमारे नऊ जण पाच वर्षे जगल्याचे चिनी वैद्यांनी नोंदवले. रोग तोच, शस्त्र तेच, वैद्यही बहुधा साधेच. बदलला होता फक्त भेटीचा मुहूर्त. पुढे १९८६ ते १९९१ या काळात त्याच जिल्ह्यात २९,५८४ लोकांना जीवनसत्त्वे व क्षार देऊन पाहण्यात आले, आणि बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम मिळालेल्यांत कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी भरले. निकृष्ट आहाराचाही कर्करोगात वाटा असतो, याचा तो पुरावा.

फुग्याच्या जागी नंतर दुर्बीण आणि आयोडिनचा फवारा आला. निरोगी अस्तर तपकिरी होते, बिघडलेला भाग फिकाच राहतो. जवळच्या त्सशियान जिल्ह्यातील चौदा गावांत १९९९ च्या सुमारास चाळीस ते एकोणसत्तर वर्षांच्या लोकांना अशी एकच तपासणी देऊ करण्यात आली, आणि दहा वर्षांनी पाहता तेथे या रोगाने मेलेल्यांचे प्रमाण ३.३५ टक्के, तर तपासणी न झालेल्या गावांत ५.०५ टक्के निघाले. अस्तरापुरता सापडलेला रोग आता छाती न उघडता दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. भारत सरकारच्या सार्वत्रिक तपासणीत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणांचा समावेश आहे, अन्ननलिकेचा नाही. आणि सबंध देशात दुर्बीण घालून तपासणे शक्य नसले, तरी काश्मीर आणि आसाम यांसारख्या ज्या मुलखांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे, तेथे तंबाखू-विडीच्या व्यसनात वाढलेल्या चाळिशीपुढच्या माणसांपासून आरंभ करण्यास कोणती हरकत आहे, हे आरोग्य खात्याने सांगावे. तोवर आपल्याकडच्या रोग्याची हयात, भाकरीचा पहिला घास अडला त्या दिवसापासून दुर्बिणीच्या तपासणीपर्यंत किती दिवस गेले, यावरच मुख्यतः ठरत राहणार आहे.